व्हेक्टर-व्हॅल्यूड फंक्शनची सिरीज नीट समजून घ्यायची असेल तर रायन यांचं टेन्सर प्रॉडक्टचं पुस्तक घ्या

पुस्तकाचं नाव इंट्रोडक्शन टू टेन्सर प्रॉडक्ट्स ऑफ बनाख स्पेसेस, लेखक रेमंड रायन, आयर्लंडमधल्या गॉलवेचे, आणि स्प्रिंगरने ते २००२ मध्ये काढलंय. नावात टेन्सर दिसलं की अ‍ॅनालिसिसवाले बरेचजण समजतात हे अल्जेब्राचं काहीतरी असणार आणि पुस्तक उघडतच नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितेय. कारण मी ज्या प्रश्नासाठी हे सतत हाताशी ठेवते तो प्रश्न पक्का अ‍ॅनालिसिसचा आहे, तो असा की फंक्शनची किंमत साधा आकडा नसून एखाद्या बनाख स्पेसमधला (म्हणजे नॉर्म, अर्थात व्हेक्टरची लांबी, असलेल्या कम्प्लीट व्हेक्टर स्पेसमधला) व्हेक्टर असेल तर त्या फंक्शनची सिरीज लिहिता येते का, आणि लिहिता आली तर ती कन्व्हर्ज होते म्हणजे नक्की कुठल्या अर्थाने होते.

अशी फंक्शन्स कुठे भेटतात असं कोणी विचारेल, तर उष्णतेचं समीकरण घ्या. प्रत्येक वेळेला सळीवरचं तापमान म्हणजे एक अख्खं फंक्शन, एल-टू मधला (ज्यांच्या वर्गाचं इंटिग्रल फायनाइट आहे अशा फंक्शनच्या स्पेसमधला) एक पॉइंट, म्हणजे वेळ हा इनपुट आणि एल-टू मधला व्हेक्टर हा आउटपुट. पीडीईवाले (पार्शल डिफरन्शिअल इक्वेशनवाले), प्रोबॅबिलिटीवाले, सेमीग्रुपवाले सगळे दिवसभर असल्याच फंक्शनबरोबर असतात आणि तरी आपल्याकडे एमएस्सीच्या सिलॅबसमध्ये हा विषय जवळपास येत नाही, एकदम पीएचडीला गेल्यावर समोर येतो आणि तेव्हा गाईड म्हणतात की अरे हे सगळं स्केलरसारखंच चालतं.

आता "स्केलरसारखंच चालतं" हे वाक्य इतकं पसरलंय त्याला कारण आहे. होलोमॉर्फिक, म्हणजे कॉम्प्लेक्स अर्थाने डिफरन्शिएबल, फंक्शन घेतलं तर ते खरंच तसं चालतं. बनाख स्पेसमध्ये किंमत असलेलं होलोमॉर्फिक फंक्शन असेल तर कोशीचा फॉर्म्युला जसाच्या तसा, पॉवर सिरीज जशीच्या तशी, फक्त सहगुणक आकडे नसून व्हेक्टर. एवढंच नाही, डनफर्ड यांनी १९३८ मध्ये दाखवलं की प्रत्येक कंटिन्युअस लिनियर फंक्शनल (व्हेक्टर घेऊन आकडा देणारं लिनियर मॅप) लावून बघितल्यावर जर होलोमॉर्फिक येत असेल तर मूळ फंक्शनही नॉर्ममध्ये होलोमॉर्फिक असतंच. इतकी सुंदर गोष्ट पहिल्यांदाच शिकल्यावर माणूस गृहीत धरतो की फूरिये सिरीज, हार सिरीज (अर्ध्या-अर्ध्या होत जाणाऱ्या भागांवरच्या पायऱ्यांसारख्या फंक्शनची), सगळ्याच अशा उचलून नेता येतील. पण येत नाहीत! कुठे येतात, कुठे नाही आणि का, याचं उत्तर द्यायला जी भाषा लागते ती मला या पुस्तकात मिळाली.

मूळ कल्पना दुसऱ्या चॅप्टरमध्ये आहे आणि माझ्या मते पुस्तकाचे पैसे तिथेच वसूल होतात. सगळ्यात साधं व्हेक्टर-व्हॅल्यूड फंक्शन कुठलं, तर एक स्केलर फंक्शन गुणिले एक ठरलेला व्हेक्टर. टेन्सर म्हणजे अशा फंक्शनची फायनाइट बेरीज. आता एकच बेरीज अनेक प्रकारे लिहिता येते, तर प्रत्येक लिखाणात दोन्ही नॉर्मचे गुणाकार करून त्यांची बेरीज घ्या आणि सगळ्या लिखाणांमधली सर्वात छोटी म्हणजे इन्फिमम घ्या, ही प्रोजेक्टिव्ह नॉर्म. ती घेऊन स्पेस कम्प्लीट केली की रायन एक प्रपोझिशन सिद्ध करतात: कम्प्लीट झालेल्या स्पेसमधला प्रत्येक घटक इन्फिनाइट सिरीज म्हणून लिहिता येतो, अशी सिरीज की नॉर्मच्या गुणाकारांची बेरीज फायनाइट आहे, आणि घटकाची नॉर्म म्हणजे अशा सगळ्या सिरीजवरचा इन्फिमम. नुसत्या लिमिटऐवजी हातात खरी सिरीज येते, तीही अ‍ॅब्सोल्यूटली कन्व्हर्जंट. मग थोड्याच पानांत ग्रोथेनडीक यांचा निकाल येतो की एल-वन (इंटिग्रेबल फंक्शनची स्पेस) आणि कुठलीही बनाख स्पेस एक्स यांचा प्रोजेक्टिव्ह टेन्सर प्रॉडक्ट म्हणजे बरोबर एक्समध्ये किंमती असलेल्या बॉखनर इंटिग्रेबल फंक्शनची स्पेस. म्हणजे बॉखनर यांनी १९३३ मध्ये जे इंटिग्रल दिलं, त्यात बसणारं प्रत्येक फंक्शन हे स्केलर फंक्शन गुणिले व्हेक्टर अशा तुकड्यांची अ‍ॅब्सोल्यूटली कन्व्हर्जंट सिरीज आहे आणि त्यासाठी एक्सवर कुठलीही अट नाही, रिफ्लेक्झिव्ह नको, सेपरेबल नको, बेसिस नको, काही नको. हे वाचल्यावर बॉखनर इंटिग्रल म्हणजे सिंपल फंक्शनचं लिमिट वगैरे जी लांबलचक व्याख्या आपण पाठ करतो ती अचानक मोकळी होते, कारण इंटिग्रल काढायचं म्हणजे सिरीजच्या एकेका टर्मचं स्केलर इंटिग्रल काढून व्हेक्टरला गुणायचं, बस.

यातून फुकटात मिळणारी एक गोष्ट मला फार आवडते. एल-वनवर कुठलाही बाउंडेड ऑपरेटर घ्या, तो एक्स-व्हॅल्यूड एल-वनवर त्याच नॉर्मने आपोआप जातो. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, खाली परत लागणार आहे.

तिसरा चॅप्टर इंजेक्टिव्ह नॉर्मचा. इथे लिखाणांवरचा इन्फिमम नाही, उलट दोन्ही बाजूंनी जास्तीत जास्त १ नॉर्मची फंक्शनल लावून जास्तीत जास्त किती येतं ते बघायचं. कॉम्पॅक्ट सेटवरची कंटिन्युअस फंक्शन्स आणि एक्स यांचा इंजेक्टिव्ह टेन्सर प्रॉडक्ट म्हणजे एक्समध्ये किंमती असलेली कंटिन्युअस फंक्शन्स, सुप्रीमम नॉर्मसकट. आणि लिटल एल-वन (फंक्शनऐवजी सिक्वेन्सचं एल-वन) घेतलं तर दोन नॉर्ममधला फरक डोळ्यांसमोर येतो: प्रोजेक्टिव्हने अ‍ॅब्सोल्यूटली समेबल सिक्वेन्स मिळतात, इंजेक्टिव्हने अनकंडिशनली समेबल, म्हणजे कुठल्याही क्रमाने बेरीज होणारे. आकड्यांमध्ये या दोन्ही एकच गोष्ट. पण लिटल एल-टू मध्ये पहिला बेसिस व्हेक्टर भागिले १, दुसरा भागिले २, तिसरा भागिले ३ अशी सिरीज घ्या. कुठल्याही क्रमाने बेरीज करा, कन्व्हर्ज होते कारण वर्गांची बेरीज फायनाइट आहे, पण नॉर्मची बेरीज म्हणजे हार्मोनिक सिरीज, ती डायव्हर्ज. आणि हे फक्त हिल्बर्ट स्पेसचं वैशिष्ट्य नाही, ड्वोरेत्स्की आणि रॉजर्स यांनी १९५० मध्ये सिद्ध केलं की प्रत्येक इन्फिनाइट डायमेन्शनल बनाख स्पेसमध्ये अशी सिरीज असतेच. म्हणजे "सिरीज कन्व्हर्ज होते" एवढं म्हणून भागत नाही, कुठल्या टेन्सर नॉर्मने होते ते सांगावंच लागतं. हा मुद्दा मी इतर ठिकाणी पण वाचला होता पण दोन नॉर्म शेजारी शेजारी ठेवून इतका स्वच्छ मांडलेला इथेच बघितला.

आता या चॅप्टरचा उपयोग कसा होतो ते एका उदाहरणाने सांगते, पुस्तकातलं म्हणून नाही तर पुस्तक वाचून तुम्ही स्वतः काय करू शकता म्हणून. ० ते १ वरच्या कंटिन्युअस फंक्शनसाठी फाबर-शाउडर बेसिस असतो, तंबूच्या आकाराची फंक्शन्स, फाबर १९१० आणि शाउडर १९२७. पार्शल सम म्हणजे काही पॉइंट घेऊन सरळ रेषांनी जोडलेलं इंटरपोलेशन, त्या ऑपरेटरची नॉर्म १. इंजेक्टिव्ह टेन्सरमध्ये ऑपरेटर नॉर्म न वाढता पुढे जातो, म्हणून एक्स-व्हॅल्यूड फंक्शनवरही नॉर्म १. साध्या टेन्सरच्या फायनाइट बेरजांवर कन्व्हर्जन्स आहेच, त्या डेन्स आहेत, म्हणून सगळीकडे आहे. संपलं! कुठल्याही बनाख स्पेसमध्ये किंमती असलेलं कंटिन्युअस फंक्शन हे तंबू गुणिले व्हेक्टर अशी युनिफॉर्मली कन्व्हर्ज होणारी सिरीज आहे, आणि सहगुणक व्हेक्टर काढायचा म्हणजे मधल्या पॉइंटवरच्या किमतीतून दोन्ही टोकांच्या किमतींची सरासरी वजा करायची. हाताने एप्सिलॉन-डेल्टा करत बसलात तरी जमेल, पण इथे का जमतं ते कळतं आणि तीच पद्धत दुसऱ्या बेसिसला पण लावता येते.

चौथा चॅप्टर अ‍ॅप्रॉक्सिमेशन प्रॉपर्टीचा (फायनाइट रँकचे ऑपरेटर प्रत्येक कॉम्पॅक्ट सेटवर आयडेंटिटीच्या हवं तितकं जवळ आणता येणं) आणि हा जरा हळू वाचावा लागतो. प्रश्न असा की सिरीज टेन्सर म्हणून शून्य नसेल पण ऑपरेटर म्हणून शून्य होईल असं होऊ शकतं का? म्हणजे फंक्शनल गुणिले व्हेक्टर अशी अ‍ॅब्सोल्यूटली कन्व्हर्जंट सिरीज, प्रत्येक व्हेक्टरवर लावली की उत्तर शून्य, पण ट्रेस काढला तर १. ऐकून अशक्य वाटतं. ज्या स्पेसला अ‍ॅप्रॉक्सिमेशन प्रॉपर्टी आहे तिथे हे खरंच अशक्य, ज्या स्पेसला नाही तिथे हे घडतं. ग्रोथेनडीक यांनी १९५५ च्या मेमॉयरमध्ये हा सगळा पसारा उघडला पण अशी स्पेस आहे की नाही हे माहीत नव्हतं. त्यांनी एक मात्र दाखवलं की हा प्रश्न आणि माझुर यांचा जुना प्रश्न एकच आहेत. माझुर यांनी ६ नोव्हेंबर १९३६ ला तेव्हा पोलंडमध्ये असलेल्या लवूफ शहरातल्या स्कॉटिश कॅफेच्या वहीत १५३ नंबरचा प्रॉब्लेम लिहिला होता: चौकोनावर दोन चलांचं कंटिन्युअस फंक्शन दिलं, तर त्याच्याच आडव्या आणि उभ्या कापांचे गुणाकार घेऊन, त्यांची फायनाइट बेरीज करून, ते हवं तितकं जवळ आणता येतं का? बक्षीस जिवंत हंस. स्वीडनच्या पेर एन्फ्लो यांनी उत्तर नाही असं दाखवलं, त्यांचा पेपर १९७३ मध्ये आला आणि हंस त्यांना १९७२ मध्येच वॉर्सामध्ये खुद्द माझुर यांच्या हातून मिळाला. एन्फ्लोंच्या स्पेसला शाउडर बेसिस पण नाही, म्हणजे प्रत्येक सेपरेबल बनाख स्पेसला बेसिस असतो का हा बनाख यांच्या काळापासूनचा प्रश्नही त्याच वेळी निकालात निघाला. मला हा चॅप्टर यासाठी महत्त्वाचा वाटतो की आपण सिरीज लिहितो तेव्हा गृहीत धरतो की सिरीज आणि तिने दिलेलं फंक्शन किंवा ऑपरेटर एकच, आणि ते गृहीतक कुठे तुटतं ते इथे कळतं.

पाचवा चॅप्टर रॅडॉन-निकोडिम प्रॉपर्टी, म्हणजे स्पेसमध्ये किंमती असलेल्या प्रत्येक लिपशिट्झ फंक्शनला जवळपास सगळीकडे डेरिव्हेटिव्ह मिळणं. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण याच विषयातलं आहे. टी या वेळेला ० पासून टी पर्यंतच्या इंटरव्हलचं इंडिकेटर फंक्शन द्या, एल-वन मधला व्हेक्टर म्हणून. दोन वेळांमधलं नॉर्मचं अंतर बरोबर त्या वेळांमधल्या फरकाइतकं, म्हणजे लिपशिट्झ, आकड्यांच्या जगात अशा फंक्शनला जवळपास सगळीकडे डेरिव्हेटिव्ह मिळालं असतं. इथे एकाही पॉइंटला मिळत नाही. हेच सिरीजच्या भाषेत बघा. ० ते १ चे अर्धे, पाव, अष्टमांश असे भाग करत जा आणि ज्या भागात टी आहे त्याचं इंडिकेटर त्याच्या लांबीने भागा. ही एका हार सिरीजची पार्शल सम आहे, प्रत्येकाची नॉर्म १, म्हणजे अगदी बाउंडेड. पण एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना फरकाची नॉर्म पण बरोबर १ येते, कागदावर काढून बघा, अर्धा या बाजूने आणि अर्धा त्या बाजूने. म्हणून कन्व्हर्ज व्हायचा प्रश्नच नाही. रिफ्लेक्झिव्ह स्पेसमध्ये किंवा सेपरेबल ड्युअलमध्ये असं होऊ शकत नाही, तिथे रॅडॉन-निकोडिम प्रॉपर्टी असते, एल-वन आणि सी-नॉट (शून्याकडे जाणाऱ्या सिक्वेन्सची स्पेस) मध्ये नसते. म्हणजे सिरीज आधी लिहून तिचं फंक्शन शोधायचं असेल तर स्पेसची जात विचारात घ्यावीच लागते.

सहा, सात, आठ हे चॅप्टर शेव्हे-सफार नॉर्म, सर्वसाधारण टेन्सर नॉर्म आणि ऑपरेटर आयडियल यांचे. चांगले आहेत, पण सिरीजच्या प्रश्नासाठी आलेल्या माणसाने पहिल्या वाचनात सहावा चाळावा आणि थांबावं. शेवटी समेबिलिटीवर एक अपेंडिक्स आहे, ते मात्र दुसऱ्या चॅप्टरच्याही आधी वाचा, अनकंडिशनल वगैरे शब्द पक्के होतात.

आता तक्रार, आणि ती खरी तक्रार आहे. वर म्हटलं तसं एल-वनवरचा आणि कंटिन्युअस फंक्शनवरचा कुठलाही बाउंडेड ऑपरेटर आपोआप एक्स-व्हॅल्यूड होतो. म्हणजे दोन्ही टोकं मजबूत. पण मधे, १ पेक्षा मोठा आणि इन्फिनिटीपेक्षा छोटा पी घेतला की एल-पी ची नॉर्म ना प्रोजेक्टिव्ह ना इंजेक्टिव्ह, आणि आपण रोजच्या कामात तर मधेच असतो! तिथे नियम असा की ऑपरेटर पॉझिटिव्ह (निगेटिव्ह नसलेल्या फंक्शनला तसंच फंक्शन देणारा) असेल तर तो कुठल्याही एक्ससाठी त्याच नॉर्मने पुढे जातो. हार सिरीजच्या पार्शल सम म्हणजे कंडिशनल एक्स्पेक्टेशन (भागाभागावर सरासरी घेणं), पॉझिटिव्ह, म्हणून एल-पी मधल्या एक्स-व्हॅल्यूड फंक्शनची हार सिरीज नेहमी कन्व्हर्ज होते. फूरिये सिरीजच्या मागे हिल्बर्ट ट्रान्सफॉर्म असतो, तो पॉझिटिव्ह नाही, आणि तिथे खेळ बदलतो. एक्स म्हणून लिटल एल-वन घेतलं तर एल-टू मध्ये सुद्धा अशी फंक्शन्स सापडतात ज्यांची फूरिये सिरीज कन्व्हर्ज होत नाही. नक्की कुठल्या एक्ससाठी होते? ज्यांना यूएमडी (अनकंडिशनल मार्टिंगेल डिफरन्सेस) प्रॉपर्टी आहे त्यांच्यासाठी, आणि फक्त त्यांच्यासाठी, हे बर्कहोल्डर आणि बूर्गां यांनी १९८३ च्या सुमाराला पूर्ण केलं. हार सिरीज अनकंडिशनली कन्व्हर्ज व्हायला पण हीच अट लागते. ही सगळी गोष्ट, जी खरं तर सिरीजच्या प्रश्नाचा आत्मा आहे, ती या पुस्तकात नाही. आकार छोटा ठेवायचा म्हणून सोडली असेल तर समजू शकते, पण एक्स-व्हॅल्यूड एल-पी वर पंधरा-वीस पानं आली असती तर वाचणाऱ्याला पुढचा रस्ता दिसला असता. सध्या त्यासाठी हिटोनेन, फान नेर्व्हेन, फेरार आणि वाइस या चौघांच्या अ‍ॅनालिसिस इन बनाख स्पेसेसचा २०१६ चा पहिला खंड घ्यावा लागतो, उत्तम आहे पण जाडजूड आहे आणि सुरुवातीलाच तो हातात घेतला तर दम लागतो.

दुसरी उणीव म्हणजे नावाप्रमाणे सगळं बनाख स्पेसपुरतं. श्वार्ट्झ स्पेस, अनंत वेळा डिफरन्शिएबल फंक्शन्सच्या स्पेस, या बनाख नाहीत, आणि खरी गंमत तिथे आहे कारण त्या न्यूक्लिअर आहेत, म्हणजे तिथे प्रोजेक्टिव्ह आणि इंजेक्टिव्ह एकच होतात. त्यामुळे भरभर कमी होणाऱ्या स्मूथ फंक्शनची हरमाइट सिरीज कुठल्याही बनाख स्पेसमधल्या किमतींसाठी काहीही अट न घालता चालते. रायन वाचल्यावर हे समजायला अवघड जात नाही, पण पुस्तकात शोधायला जाऊ नका.

भाषा स्वच्छ, प्रूफ पूर्ण, "वाचकाने करून बघावं" म्हणून महत्त्वाचं काही सोडलेलं नाही. प्रत्येक चॅप्टरच्या शेवटी एक्सरसाइज आहेत, उत्तरं मागे दिलेली नाहीत, त्यामुळे एकट्याने वाचत असाल तर कोणीतरी जोडीदार बघा. पूर्वतयारी म्हणून हान-बनाख, ओपन मॅपिंग, वीक टोपोलॉजी आणि साधारण मेझर थिअरी एवढं हवं. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या लिमये सरांचं फंक्शनल अ‍ॅनालिसिस एमएस्सीला नीट केलेलं असेल तर काही अडत नाही. ज्यांना मेझर थिअरी कच्ची वाटते त्यांनी दुसऱ्या चॅप्टरमधला एल-वनचा भाग वाचायच्या आधी ती नक्की पक्की करावी, नाहीतर पेटिसचं मेझरेबिलिटीचं थिअरम आलं की अडकायला होतं.

किंमत विद्यार्थ्याच्या खिशाला जड आहे हे खरं. आधी डिपार्टमेंटच्या लायब्ररीत बघा, नसेल तर मागणी नोंदवा, पातळ पुस्तक आहे आणि पुढे येणाऱ्या मुलांना पण लागणार आहे. विकत घेणार असाल तर जुनी हार्डकव्हर शोधण्यात वेळ घालवू नका, नंतर निघालेली सॉफ्टकव्हर चालते, मजकूर तोच. सेमिनारसाठी दोन-तीन जण मिळून घेत असाल तर पहिल्या पाच चॅप्टरचा एक सेमिस्टर होतो, आणि मधल्या पी ची गोष्ट शेवटच्या एक-दोन लेक्चरमध्ये वेगळी लावता येते.